नॅनो सिल्व्हरची बाटली आणि दोन निर्यात प्लॉट: दिंडोरी तालुक्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं आहे. माणसांची, गावांची आणि बाटलीवरच्या कंपनीची नावं काढून टाकली आहेत. प्लॉटची ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. मी त्या हंगामात तिथे तांत्रिक सल्लागार होते. यातल्या पहिल्या चुकीच्या निर्णयाखाली सही माझीच आहे.

पार्श्वभूमी

सभासद बहुतेक थॉमसन जातीची द्राक्षं लावणारे. ऑक्टोबर छाटणी, माल फेब्रुवारी-मार्चमध्ये. चांगला माल पॅक हाऊसमधून कंटेनरने रॉटरडॅमला जातो, उरलेला लोकल व्यापाऱ्याला. निर्यातीचा प्लॉट म्हटला की अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर नोंदणी, फवारणीची वही आणि काढणीआधी प्रयोगशाळेच्या माणसाने येऊन स्वतः घेतलेलं सॅम्पल, हे सगळं ओघाने आलंच.

रेसिड्यू, म्हणजे फळात उरलेला औषधाचा अंश, हा शब्द आमच्याकडे जरा दबक्या आवाजातच उच्चारला जातो. त्याला कारण २०१० चा हंगाम. वेल जोमात पळू नये, काडीत घड चांगला तयार व्हावा म्हणून सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, मारायची पद्धत जुनीच होती. त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षांत ते सापडलं आणि कंटेनर अडकले. इथून निघताना त्या मालाचे रिपोर्ट स्वच्छ होते, कारण इथे तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हतंच. जे कोणी शोधलंच नाही ते सापडणार कुठून? माझ्या वडिलांचाही माल त्या वर्षी पडून राहिला. तेव्हा मी कॉलेजात होते. हे सगळं ठाऊक असूनही मी पुढे जे केलं, त्याचा मला आजही त्रास होतो.

‘नॅनो’ हा शब्द मात्र गावात तोवर घरचा झाला होता. २०२१ पासून नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली सोसायटीत मिळायला लागली. मका, गहू, कांद्यावर लोक ती फवारत होते. नायट्रोजनचा नुसता हिशोब मांडला तर ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो आणि त्या वेळच्या ४ टक्क्यांच्या बाटलीत २० ग्रॅम. कण बारीक असल्याने पानातून थेट शोषले जातात, म्हणून थोड्यात भागतं, असा दावा होता. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या शेतप्रयोगात भाताचं उत्पादन १३ टक्क्यांनी आणि गव्हाचं २१.६ टक्क्यांनी घटलं. आमच्या सभासदांपैकी काहींना फरक जाणवला, काहींना नाही. पण एक गोष्ट सगळ्यांच्याच मनात बसली: नॅनो म्हणजे सरकारमान्य, नवं, कमी विषाचं. पुढे बाटली घेऊन जो माणूस आला, त्याला ही जमीन आयतीच नांगरून मिळाली.

अडचण

जानेवारीत निफाड-दिंडोरी पट्ट्यात पारा खाली गेला. पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि ड्रीप चालू ठेवायचं, असे ते दिवस. मण्यात पाणी भरत होतं आणि नेमकी तेव्हाच भुरी, म्हणजे पांढरट बुरशीचा रोग, आली. सुरुवातीला ती लांबून दिसतच नाही. घड उलटा करून देठाजवळ पाहिलं की राख भुरभुरल्यासारखी दिसते. अंगठ्याने पुसली तर खाली मण्यावर बारीक तपकिरी जाळी उरते. तो मणी युरोपच्या पेटीत जात नाही.

काढणीला तीन-साडेतीन आठवडे उरले होते. अशा वेळी हातात फार थोडं असतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गंधकाचा. स्वस्त, जुना, भरवशाचा. पण गंधक वाफेच्या रूपात काम करतं आणि थंडीत त्याची वाफच नीट होत नाही. शिवाय मण्यावर डाग राहतो.

दुसरा पर्याय आंतरप्रवाही बुरशीनाशकाचा. काम चोख होतं, पण आमच्या प्लॉटांत त्यांचे पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस, काढणीच्या तारखेला चिकटत होते. युरोपातली काही सुपरमार्केटं कायद्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी कमी आकडा मागतात, एका पेटीत किती रसायनं सापडलेली चालतील तेही मोजतात. तिथे आणखी एक नाव वाढवायचं कोणाला नको होतं.

तिसरा पर्याय जैविक: ॲम्पेलोमायसिस ही भुरीवर जगणारी बुरशी आणि बॅसिलस हे जिवाणू. माझा कल इकडेच होता. पण जैविक आधीपासून सुरू असेल तर साथ देतं, आणि आम्ही उशिरा जागे झालो होतो.

चौथा पर्याय मोटरसायकलच्या डिकीतून आला. एका नवीन कंपनीचा प्रतिनिधी, बोलायला गोड, सगळ्यांना ‘काका’, ‘भाऊ’ करणारा. ‘काका, चांदी आहे ही. आपण चांदीच्या वाटीत पोरांना दूध पाजतो ना? भुरी जागेवर काळी पडते आणि रेसिड्यू झिरो.’ वर त्याच्याकडे नॅनो सिल्व्हर लावलेले पाऊचही होते, द्राक्ष जास्त टिकतात म्हणून. पाऊच मी तिथल्या तिथे परत केले. युरोपच्या २०११ च्या प्लास्टिक नियमात नॅनो रूपातला पदार्थ स्पष्ट परवानगी असल्याशिवाय अन्नाला लागणाऱ्या प्लास्टिकमध्ये चालत नाही, हे मला माहीत होतं. पाऊचच्या बाबतीत जी शिस्त पाळली ती बाटलीच्या बाबतीत का सुटली, याचं उत्तर एकच: पाऊचची निकड नव्हती आणि भुरी डोळ्यांसमोर वाढत होती.

पहिला निर्णय: दोन ओळींची चाचणी

मी प्रतिनिधीकडे कागद मागितले. त्याने तीन दिले. पहिल्यात कणांचा आकार होता, शंभर नॅनोमीटरच्या आत. म्हणजे नॅनो हे खरं होतं. दुसरा होता बाटलीचं लेबल: ‘वनस्पती आरोग्यासाठी नॅनो सिल्व्हर, नैसर्गिक आवरणासह’. तिसरा एका प्रयोगशाळेचा द्राक्षांचा रिपोर्ट, रसायनांच्या लांबलचक यादीपुढे प्रत्येक ओळीत ‘आढळले नाही’.

लेबलवर भुरीचा उल्लेख नव्हता, तोंडी मात्र भुरीशिवाय दुसरा विषय नव्हता. रोग मारतो असा दावा करून विकायचं तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. टॉनिक म्हणून विकायचं तर २०२१ पासून जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. नॅनो निविष्ठा, म्हणजे शेतीत वापरायची खतं-औषधं, कशा तपासाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं जैवतंत्रज्ञान विभाग, कृषी मंत्रालय आणि अन्न सुरक्षा प्राधिकरण यांनी मिळून २०२० मध्येच काढली होती. बाटलीवर यातला एकही नोंदणी क्रमांक नव्हता. विचारलं तर ‘प्रोसेसमध्ये आहे, मॅडम’.

इथेच थांबायला हवं होतं. मी मधला मार्ग काढला. लोकल मार्केटच्या एका प्लॉटात दोन ओळींवर चाचणी घ्यायची, बाकी कुठेही नाही, असं ठरवलं आणि चाचणीच्या कागदावर सही केली.

फवारणीच्या सकाळी मी बागेत होते. बाटलीतलं द्रावण पातळ चहासारखं पिवळसर होतं. चांदीचे बारीक कण पाण्यात असले की असाच रंग दिसतो. टाकीत ओतल्यावर मात्र फेस आला, आणि तो बसेना. प्लॉटचे मालक, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, काठीने ढवळत म्हणाले, ‘ताई, हे चांदीचं पाणी की धुण्याचं?’ मी म्हटलं, औषध पानाला चिकटवणारं स्टिकर घातलं असेल. तो फेस बाटलीत काय आहे ते सांगत होता. मी ऐकलं नाही.

पाचव्या दिवशी त्या दोन ओळींत भुरी खरंच थांबलेली दिसली.

दुसरा निर्णय, जो कोणी घेतलाच नाही

अण्णांच्या मुलाने फोटो सभासदांच्या ग्रुपवर टाकला. शेजारच्या ओळींतले राखाडी घड आणि फवारलेल्या ओळींतले हिरवेगार, एकाच चौकटीत. मी खाली लिहिलं, ‘चाचणी सुरू आहे, रिपोर्टपर्यंत थांबा’. माझ्या ओळीवर दोन अंगठे आले, फोटोवर चाळीस.

दोन सभासदांनी प्रतिनिधीला फोन लावला. दोघांचेही प्लॉट निर्यातीचे. एकाने दीड एकरावर दोनदा मारलं, दुसऱ्याने एकरभर एकदा. चोरून म्हणावं तर दोघांनीही फवारणीच्या वहीत ‘नॅनो सिल्व्हर’ असं सरळ लिहिलं होतं. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच, रेसिड्यू झिरो होतं, मग लपवायचं काय? या प्रामाणिक नोंदीनेच पुढे सगळे वाचले.

रिपोर्ट

निर्यातदाराच्या क्वालिटी विभागातल्या बाईंनी वही चाळली आणि मला फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: ‘यात स्टॅबिलायझर कोणता आहे?’

चांदीचे इतके बारीक कण पाण्यात सुटे राहत नाहीत. एकमेकांना चिकटतात, गोळा होतात, तळाशी बसतात. ते सुटे राहावेत म्हणून त्यांच्यावर कशाचं तरी आवरण द्यावं लागतं. चांगला उत्पादक सायट्रेट, स्टार्च, कायटोसान असं काही वापरतो आणि तसं लिहितो. काही जण धन भार असलेलं, साबणासारखं फेसाळणारं जंतुनाशक वापरतात. बेंझाल्कोनियम क्लोराइड, आपल्याकडे ज्याला बीकेसी म्हणतात, ते त्यातलंच. हॉस्पिटलची फरशी पुसायला, कोंबड्यांचं शेड धुवायला ते वापरतात. बुरशीही मारतं. युरोपने २०१४ मध्ये त्याला अन्नात किलोमागे ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. आमच्या खरेदीदाराची अट त्याहून कडक होती.

त्या रात्री मी प्रतिनिधीने दिलेला तिसरा कागद पुन्हा काढला आणि शेकडो नावांची यादी बोट ठेवून वाचली. बीकेसी त्यात नव्हतं. चांदीही नव्हती, आणि असणार तरी कशी? कीटकनाशकांचे रेणू शोधणारं यंत्र धातू शोधत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी लागते. म्हणजे ज्या बाटलीसाठी तो रिपोर्ट दाखवला गेला, त्या बाटलीतली एकही गोष्ट त्या रिपोर्टने शोधलेली नव्हती. २०१० ची गोष्ट मी पोरांना प्रशिक्षणात सांगत आले होते, आणि तीच माझ्या टेबलावर पडून होती.

दोन्ही प्लॉटांचे मणी आणि उरलेली बाटली आम्ही प्रयोगशाळेत पाठवली, बीकेसी आणि चांदी अशी नावं लिहून. बाटलीत चांदी निघाली, पण लेबलवर लिहिल्यापेक्षा फार कमी. बीकेसी भरपूर. दीड एकराचा माल ०.१ च्या बराच वर. एकराचा माल ०.१ च्या आत, पण खरेदीदाराच्या अटीच्या बाहेर. दोन ओळींत भुरी थांबवली ती चांदीने की फरशीच्या औषधाने, हे आता सांगता येत नाही. मला दुसरं जास्त संभवतं.

तिसरा निर्णय: या मालाचं काय करायचं

संचालकांची बैठक रात्री साडेनऊला सुरू झाली ती बारापर्यंत. दोन्ही प्लॉट निर्यातीतून काढायचे, यावर पाच मिनिटांत एकमत झालं. एक पेटी पकडली गेली असती तरी सगळ्यांचा कंटेनर अडकला असता.

खरा वाद पुढे होता. कोणीतरी म्हणालं, ‘मग लोकलला लावू. तिथे कोण तपासतंय?’

ही सूचना दुष्टपणाने आलेली नव्हती. माणसाचं वर्षभराचं पीक वेलीवर लटकत होतं, बँकेचा हप्ता मार्चमध्ये होता. पण मला ती सहन झाली नाही, आणि आजही होत नाही. डच मुलाने खाऊ नये असा मणी पंचवटीतल्या मुलाने का खायचा? मी एवढंच बोलले आणि गप्प बसले. मग अण्णा बोलले. त्यांच्या नातवाला बागेतून घड तोडून तिथेच खायची सवय आहे. ‘त्या दोन ओळींत मी त्याला जाऊ दिलेलं नाही,’ म्हणाले, ‘आणि दुसऱ्याच्या नातवाला विकू?’

बेदाणा करायचाही विचार निघाला. तो मी खोडला. चार-साडेचार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडतं, बाकीचं तिथेच राहतं, म्हणजे आकडा वाढणार. माल धुऊन घ्यावा असंही कोणी सुचवलं. धुतलं की मण्यावरची लव, म्हणजे मेणासारखा पातळ थर, जाते आणि घड कुजतो.

शेवटी असं ठरलं: एकराचा माल लोकल व्यापाऱ्याला रिपोर्ट दाखवून द्यायचा. दीड एकराला हात लावायचा नाही. घड वेलीवरच ठेवायचे, अडीच आठवड्यांनी पुन्हा सॅम्पल, आणि आकडा ०.१ च्या खाली आला तरच तोडायचं. नाही आला तर माल जमिनीत. चाचणीच्या दोन ओळींनाही हाच नियम. नुकसानीचा काही भाग आमच्या शेतकरी कंपनीने उचलायचा, कारण चाचणी कंपनीच्या नावाने झाली होती आणि फोटो कंपनीच्या ग्रुपवरून फिरला होता. या शेवटच्या मुद्द्यावर दोन संचालकांनी विरोधी मत नोंदवलं. त्यांचं म्हणणं होतं की ‘थांबा’ सांगूनही मारणाऱ्यांचा भार इतरांनी का घ्यावा. त्या म्हणण्यातही तथ्य आहे, पण मला वाटतं निर्णय योग्य होता. नुकसान एकट्यावर टाकलं असतं, तर पुढच्या वर्षी कोणीही वहीत खरं लिहिलं नसतं.

निकाल

दुसऱ्या सॅम्पलमध्ये दीड एकराचा आणि दोन ओळींचा आकडा मर्यादेच्या आत आला. तोवर मार्च उजाडला होता, ऊन तापलं होतं, मणी मऊ पडून सुकायला लागले होते. वजन घटलं, भावही उतरलेला. व्यापाऱ्याने रिपोर्ट पाहिला, खिशात घातला आणि भाव आणखी पाडला. खरं सांगितल्याची किंमत त्या विक्रीच्या पट्टीत रोख दिसते. निर्यातीचा भाव मिळाला असता तर जेवढे आले असते, त्याच्या निम्मेही हातात पडले नाहीत.

बाकीच्या सभासदांचे कंटेनर गेले आणि पास झाले.

प्रतिनिधीचा फोन लागेनासा झाला. आम्ही तालुका कृषी कार्यालयात गुणवत्ता नियंत्रण निरीक्षकांकडे लेखी तक्रार दिली. सोबत बाटली, बिल आणि रिपोर्ट जोडले. बिलावर ‘नॅनो सिल्व्हर’ नव्हतंच, ‘सॉइल कंडिशनर’ असं लिहिलेलं होतं. ही गोष्ट आम्हाला तक्रार लिहितानाच कळली. तोवर कोणी बिल वाचलंच नव्हतं.

काय वेगळं करता आलं असतं

चाचणी घ्यायलाच नको होती असं मी म्हणणार नाही. पण क्रम उलटा झाला. आधी बाटली प्रयोगशाळेत जायला हवी होती, मग टाकीत. त्या तपासणीचा खर्च गेलेल्या मालाच्या मानाने किरकोळ होता.

चाचणी घेतल्यावर मी फक्त भुरी मोजली. रेसिड्यूचं सॅम्पल त्याच दोन ओळींतून पाचव्या दिवशी घेतलं असतं, तर फोटो फिरायच्या आधी आकडा फिरला असता. आणि ग्रुपवर ‘थांबा’ लिहिण्याऐवजी त्या संध्याकाळी मी निर्यात प्लॉटवाल्यांना एकेक फोन करायला हवा होता. सगळे मिळून अकरा जण. तासाभराचं काम.

भुरी लपत असतानाच जैविक सुरू करायला हवं होतं, ही चूक सगळ्यांत जुनी. ती डिसेंबरातली. बाटली विकणाऱ्याला जी घाई सापडली ती तिथे तयार झाली.

या प्रकरणानंतर काही सभासद नॅनो म्हटलं की हात जोडतात. तेही मला पटत नाही. आमच्याच कंपनीच्या दूध संकलनात रोज सकाळी नॅनो वापरलं जातं आणि त्याने कोणाचं वाईट झालेलं नाही. टँकरच्या दुधात ॲफ्लाटॉक्सिन एम-१ आहे का हे पाहायला पट्टी बुडवतात. आपल्याकडे त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे डोळ्याला, जिभेला कधीच न कळणारी. पट्टीवर जी लाल रेघ उमटते ती सोन्याच्या नॅनो कणांची. सोनं इतकं बारीक झालं की लाल दिसतं. कोविडच्या घरच्या टेस्टमध्येही बहुतेकांनी हीच रेघ पाहिली आहे. बुरशी लागलेला मका किंवा सरकी पेंड गाईच्या पोटात गेली की विष दुधात उतरतं, आणि ते पोरांच्या पेल्यात जायच्या आत ही रेघ सांगते. तो नॅनो कण पट्टीवर राहतो, दुधात जात नाही. फवारलेला कण घडावर राहतो. दोघांना एकच नाव असलं तरी दोघांना विचारायचे प्रश्न एक नाहीत.

आता नवीन निविष्ठेसाठी कंपनीचा एक पानी फॉर्म आहे. नोंदणी क्रमांक, बिलावरचं नाव आणि लेबलवरचं नाव जुळतं का, आवरण कशाचं, पाण्यात फेस येतो का. शेवटचा रकाना अण्णांच्या आग्रहाने घातला: ‘यातला पदार्थ रिपोर्टमध्ये कोणत्या नावाने शोधला?’ तो रिकामा असेल तर फॉर्म पुढे जात नाही.

या ऑगस्टमध्ये एक जण नॅनो झिंक घेऊन आला. फॉर्म घेऊन गेला आणि आठवड्याने भरून परत आणला. आवरणाचं नाव लिहिलेलं, तपासणीचा कागद जोडलेला. बाटली सध्या माझ्या कपाटात आहे. तिचं सॅम्पल आमच्याकडून सोमवारी गेलंय.